इंग्लंडातील घरपट्टी आणि दाद मागण्याचा हक्क

घरपट्टीचे बिल हाती पडले की गृहस्थ प्रथम आकडा पाहतो, मग कपाळाला आठ्या घालतो, आणि मग शेजाऱ्याच्या दारात जाऊन विचारतो, "काय हो, तुम्हांला किती आली?" या शेवटच्या प्रश्नाला आपण साधा कुतूहलाचा किंवा फार तर मत्सराचा प्रश्न समजतो. वस्तुतः कराच्या इतिहासात या प्रश्नाला फार मोठे स्थान आहे. इंग्लंडात सुमारे चारशे वर्षांच्या घडामोडींतून त्याचे रूपांतर एका कायदेशीर हक्कात झाले. तो हक्क कसा आला, तो आज कसा चालतो आणि त्यात उणे काय आहे, हे सांगण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

इंग्लंडातल्या आजच्या घरपट्टीला कौन्सिल टॅक्स म्हणतात. तेथे प्रत्येक राहते घर आठांपैकी एका श्रेणीत घातलेले असते आणि श्रेणीप्रमाणे कर बसतो. "माझे घर चुकीच्या श्रेणीत घातले आहे" असे रहिवाशाने दाखवून दिले, तर श्रेणी उतरते, आणि इतकी वर्षे जास्त भरलेली रक्कम त्याला परत मिळते. ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते. पण चूक मुळात सरकारची असताना ती शोधण्याचे काम रहिवाशाकडे का आले, हे समजण्यासाठी आपणांस बरेच मागे जावे लागेल.

चूल आणि खिडकी

दुसरा चार्ल्स गादीवर आल्यानंतर 1662 साली पार्लमेंटने एक नवा कर बसवला. त्याला आपण चूलपट्टी म्हणू. इंग्लंड थंड देश. सधन घरात खोलीखोलीतून भिंतीत शेगडी असावयाची. जितक्या शेगड्या तितके घर मोठे, आणि जितके घर मोठे तितका मालक सधन, असा सरळ हिशेब धरून दर शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग आकारण्यात आले. अगदी गरिबांना त्यातून सूट होती. हिशेब तसा वाईट नव्हता. परंतु शेगड्या मोजावयाच्या म्हणजे घरात शिरावे लागे. परका मनुष्य सरकारी हुकूम घेऊन आपल्या माजघरात, शयनगृहात हिंडतो, ही गोष्ट इंग्रज गृहस्थाला करापेक्षाही अधिक झोंबली. 1689 मध्ये विल्यम आणि मेरी यांची राजवट सुरू होताच हा कर रद्द करून नव्या राजाराणीने लोकांचा दुवा मिळवला.

सरकारला पैसा तर हवाच होता. 1696 साली खिडकीपट्टी आली. खिडक्या मोजावयास घरात शिरावे लागत नाही. रस्त्यावर उभे राहून, मान वर करून त्या मोजता येतात. प्रत्येक घरावर दोन शिलिंग, आणि खिडक्या दहा किंवा अधिक असतील तर वाढत जाणारी जादा आकारणी, असा आरंभीचा दर होता. लोकांनी काय केले? खिडक्या विटांनी बुजवल्या. जुन्या इंग्रजी घरांच्या दर्शनी भिंतींत अशा बुजलेल्या खिडक्या आजही दिसतात. उजेड आणि वारा यांवरचा हा कर 1851 पर्यंत टिकला, आणि गरिबांच्या दाट वस्तीतल्या इमारतींत त्याने आरोग्याची फार हानी केली.

या दोन करांच्या कथेत घरपट्टीचा कायमचा पेच आहे. घराची नेमकी पारख करावयाची तर आत शिरले पाहिजे, आणि ते कोणाला रुचत नाही. बाहेरून पारख करावयाची तर चूक ही होणारच. मग या चुकीचा भुर्दंड कोणी सोसावयाचा? हा प्रश्न 1696 साली होता, आणि पुढे पाहू त्याप्रमाणे 1993 सालीही होता.

पॅरिशची यादी

चूलपट्टी आणि खिडकीपट्टी हे राजाच्या खजिन्यात जाणारे कर. आजच्या घरपट्टीचा खरा पूर्वज निराळा आहे. एलिझाबेथ राणीच्या अखेरच्या काळात, 1601 साली, गरिबांच्या पोषणाचा कायदा झाला. एका चर्चच्या हद्दीत येणारी वस्ती म्हणजे पॅरिश. त्या त्या पॅरिशने आपल्या निराधारांना पोसावे, त्यासाठी लागणारी रक्कम तेथील रहिवाशांवर व जमीनधारकांवर बसवावी, आणि हे काम ओव्हरसियर नावाच्या गावच्याच माणसांनी करावे, असे ठरले. या वसुलीला 'रेट' म्हणत. आपल्याकडच्या कायद्यांतल्या 'रेटेबल व्हॅल्यू' या शब्दातला 'रेट' तो हाच.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पॅरिशला वर्षाला जी रक्कम लागे ती आधी ठरे आणि मग घराघरांत वाटली जाई. एकूण रक्कम ठरलेली असल्यावर एकाला कमी लागली तर ती तूट दुसऱ्याच्या माथी येते. ओव्हरसियरने आपल्या मेव्हण्याचे घर हलके धरले, तर त्या मेव्हण्याचा कर साऱ्या गावाने भरावयाचा! म्हणून शेजाऱ्याची आकारणी ही शेजाऱ्याची खाजगी बाब राहत नाही. तिच्यात प्रत्येकाचा हितसंबंध असतो.

कायद्याने हे ओळखले. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने न्यायाधीशांच्या तिमाही सभेपुढे दाद मागावी, अशी सोय 1601 च्या कायद्यातच होती. पण यादीच पाहावयास मिळाली नाही तर दाद कशाच्या आधारावर मागावयाची? 1743 साली या बाबतीत दोन कायदे झाले. आकारणी मंजूर झाल्यावर ती चर्चमध्ये जाहीर केली पाहिजे, आणि कोणाही रहिवाशाने एक शिलिंग दिल्यास त्याला ती पाहू दिली पाहिजे, असे एकाने ठरवले. दुसऱ्याने दाद मागण्याचा हक्क स्पष्ट व विस्तृत केला. आपल्यावर जास्त बसली एवढीच तक्रार नव्हे, तर अमक्याचे नाव यादीतून गाळले आहे किंवा तमक्यावर बसवलेली रक्कम योग्य नाही, हीही तक्रार आता करता येऊ लागली. "तुम्हांला किती आली?" हा प्रश्न येथे हक्काचा झाला.

पुढची उणीव मापाची होती. प्रत्येक पॅरिशचे माप वेगळे असे. 1836 च्या कायद्याने ते एक केले. घर वर्षाच्या कराराने भाड्याने दिले तर रास्तपणे जे भाडे येईल, त्यातून दुरुस्ती वगैरेचा खर्च वजा करून उरेल ते निव्वळ वार्षिक मूल्य, आणि त्यावर पट्टी. हे सूत्र पुढे इंग्रजांबरोबर समुद्र ओलांडून मुंबईला आले, त्याविषयी शेवटी सांगू.

विसाव्या शतकात पॅरिशचे ओव्हरसियर गेले. 1925 च्या कायद्याने पट्टी बसवण्याचा अधिकार नगरपालिकांसारख्या संस्थांकडे आला, आणि 1948 च्या कायद्याने मूल्य ठरवण्याचे काम त्यांच्याकडूनही काढून मध्यवर्ती प्राप्तिखात्याकडे देण्यात आले. हा बदल शहाणपणाचा होता. ज्याला पैसा हवा त्यानेच माप धरू नये, हे तत्त्व त्यात आहे. परंतु एक नवी आपत्ती उद्भवली. भाडी बदलतात, वस्त्या चढतात, उतरतात. म्हणून मूल्ये काही वर्षांनी पुन्हा ठरवली पाहिजेत. पण मूल्ये पुन्हा ठरवली की निम्म्या लोकांना कर वाढल्याचे दिसते, ते ओरड करतात आणि मंत्री घाबरतात. 1956 च्या यादीत राहत्या घरांना 1939 ची भाडी धरली होती. 1963 साली चालू मूल्ये धरली गेली आणि 1973 साली पुन्हा यादी झाली. त्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये राहत्या घरांचे भाड्यावरून फेरमूल्यमापन झालेच नाही. स्कॉटलंडात ते 1985 साली झाले आणि इतका गहजब उडाला की सत्ताधारी पक्षाने ही पट्टीच नको असा निश्चय केला.

डोईपट्टीचा वणवा

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने घरावरचा कर काढून माणसावर कर बसवला. 'कम्युनिटी चार्ज' हे त्याचे कायद्यातले नाव. लोकांनी त्याला 'पोल टॅक्स' म्हटले, म्हणजे डोईपट्टी. स्कॉटलंडात ती 1 एप्रिल 1989 पासून आणि इंग्लंड व वेल्समध्ये 1 एप्रिल 1990 पासून लागू झाली. काही सवलती सोडल्या तर एका गावातल्या सर्व प्रौढांना सारखीच रक्कम. वाड्यात राहणारा उमराव आणि त्याच्या बागेचा माळी यांना एकच आकडा! 1381 सालीही इंग्लंडात डोईपट्टीवरूनच शेतकऱ्यांचा उठाव झाला होता आणि वॉट टायलर लंडनवर चालून गेला होता. हे इंग्रज शाळेत शिकतात, पण राज्यकर्ते विसरले असावेत. 31 मार्च 1990 रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात प्रचंड निदर्शने झाली आणि दंगल उसळली. लाखो लोकांनी कर भरलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात थॅचरबाईंना पंतप्रधानपद सोडावे लागले. त्याला इतरही कारणे होती, पण डोईपट्टी हे त्यांतले मोठे कारण. मार्च 1991 मध्ये हा कर रद्द होणार असल्याची घोषणा झाली.

जमावाने एक कर उलथून टाकला. हा मार्ग नाट्यमय खरा. परंतु कर उलथणे आणि कर न्याय्य करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोईपट्टी गेली, पण तिच्या जागी जे आले ते घाईत आले, आणि त्या घाईचे फळ इंग्रज गृहस्थ अद्याप भोगतो आहे.

मोटारीतून केलेली पारख

1992 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 1993 पासून कौन्सिल टॅक्स सुरू झाला. भाड्याचा हिशेब सोडून घराच्या विक्रीच्या किमतीचा हिशेब धरला गेला. पण प्रत्येक घराची नेमकी किंमत ठरवण्यास वेळ नव्हता. त्यासाठी युक्ती निघाली ती श्रेण्यांची. 1 एप्रिल 1991 रोजी घर विकले असते तर काय किंमत आली असती, हे पाहून त्याला ए ते एच यांपैकी एक अक्षर द्यावयाचे. इंग्लंडात 40,000 पौंडांपर्यंत ए, 52,000 पर्यंत बी, 68,000 पर्यंत सी, 88,000 पर्यंत डी, 1,20,000 पर्यंत ई, 1,60,000 पर्यंत एफ, 3,20,000 पर्यंत जी, आणि त्यावर एच. डी श्रेणीला नऊ भाग कर धरला तर ए ला सहा, बी ला सात, सी ला आठ, ई ला अकरा, एफ ला तेरा, जी ला पंधरा आणि एच ला अठरा भाग. म्हणजे सर्वांत वरच्या घराची किंमत सर्वांत खालच्याच्या आठपट किंवा त्याहूनही अधिक असली, तरी कर तिप्पटच.

दोन कोटींच्या वर घरांना अक्षरे द्यावयाची, आणि तीही थोड्या महिन्यांत. सरकारी मूल्यमापकांच्या जोडीला खाजगी इस्टेट एजंट मक्त्याने घेण्यात आले. घरात शिरण्याचा प्रश्नच नव्हता. पुष्कळ ठिकाणी मूल्यमापकाने मोटार हळू चालवत, खिडकीतून घरे पाहत, रस्त्याच्या रस्ता निकालात काढला. मोटार दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून केलेली पारख, असे तिला इंग्रजांनी नावच ठेवले. सोळाशे शहाण्णवचा खिडक्या मोजणारा आणि एकोणीसशे ब्याण्णवचा मोटारीतून पाहणारा यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

अशा पारखीत चुका राहणारच. एकाच गल्लीत, एकाच वेळी, एकाच नकाशावरून बांधलेल्या दोन घरांपैकी एक डी मध्ये आणि दुसरे ई मध्ये असे प्रकार घडले. पुढच्या फेरमूल्यमापनात या चुका निघून गेल्या असत्या. पण फेरमूल्यमापन झाले नाही. वेल्समध्ये ते 1 एप्रिल 2003 च्या किमती धरून झाले, 2005 साली लागू झाले, आणि तेथे सुमारे एक तृतीयांश घरे वरच्या श्रेणीत गेली. इंग्लंडात ते 2007 साली लागू व्हावयाचे होते. वेल्सचा अनुभव डोळ्यांसमोर असताना सप्टेंबर 2005 मध्ये ते पुढे ढकलण्यात आले, आणि त्यानंतर वीस वर्षे उलटली तरी झालेले नाही. मौज अशी की, इंग्लंडात काल बांधून पुरे झालेल्या घरालाही, ते 1991 साली उभे असते तर किती किंमत आली असती, असे कल्पून अक्षर दिले जाते. घाईत झालेली चूक अशा रीतीने कायम होऊन बसली.

दाद मागण्याची रीत

नवा कर सुरू झाला तेव्हा हरकत घेण्यास नोव्हेंबर 1993 अखेरपर्यंत मुदत होती. बहुतेकांना तेव्हा अक्षराचा अर्थही उमगला नव्हता. ती मुदत टळली, आणि पुष्कळांनी समजूत करून घेतली की आता काही करता येत नाही. ही समजूत चुकीची होती. 2007 च्या सुमारास मार्टिन लुइस या पत्रकाराने दूरचित्रवाणीवरून आणि लेखांतून लोकांना दोन साध्या कसोट्या समजावून सांगितल्या, आणि मग हजारो लोकांनी अर्ज केले.

पहिली कसोटी शेजाऱ्याची. यादी सर्वांना खुली आहे. पूर्वी कचेरीत जाऊन पाहावी लागे, आता घरबसल्या पाहता येते. आपल्यासारखीच, म्हणजे त्याच आकाराची, त्याच वयाची, त्याच वस्तीतली घरे कोणत्या श्रेणीत आहेत हे पाहावे. ती खालच्या श्रेणीत असतील तर संशयास जागा आहे.

दुसरी कसोटी किमतीची. आपले घर किंवा तसलेच घर ज्या वर्षी विकले गेले त्या वर्षीची किंमत घ्यावी, घरांच्या किमतींच्या निर्देशांकाने ती 1991 पर्यंत मागे न्यावी, आणि येणारा आकडा कोणत्या श्रेणीत बसतो हे पाहावे. 1 एप्रिल 1989 ते 31 मार्च 1993 या काळातल्या प्रत्यक्ष विक्रीचा पुरावा मिळाला तर तो उत्तम.

दोन्ही कसोट्या कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर या साऱ्या प्रकरणाच्या मर्मात आहे. समजा, शेजाऱ्याचे घर डी मध्ये आहे आणि आपले ई मध्ये. यावरून दोहोंपैकी एक चुकले एवढेच सिद्ध होते. कोणते चुकले हे सिद्ध होत नाही. किमतीचा हिशेब ई च्याच बाजूचा निघाला, तर चूक शेजाऱ्याच्या अक्षरात आहे. आपल्या अर्जाने आपले अक्षर उतरण्याऐवजी शेजाऱ्याचे चढण्याचा संभव असतो, आणि क्वचित आपलेही चढते. म्हणून दोन्ही कसोट्या आपल्या बाजूने उतरल्यावाचून अर्ज करू नये, असा सल्ला जाणते लोक देतात.

पुढची रीत अशी. घरात नव्याने राहावयास येऊन सहा महिने झाले नसतील, किंवा श्रेणी बदलून सहा महिने झाले नसतील, तर रहिवाशाला रीतसर हरकत घेण्याचा हक्क असतो. ती मुदत टळली असल्यास त्याने पुराव्यासह मूल्यमापन खात्याकडे फेरतपासणी मागावी. सारख्या घरांचे पाचपर्यंत दाखले देता येतात. रीतसर हरकतीवरचा निर्णय मान्य नसेल तर तीन महिन्यांच्या आत मूल्यमापन न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तेथे फी नाही, वकील लागत नाही, आणि हरल्यास समोरच्याचा खर्च द्यावा लागत नाही. मात्र निकाल लागेपर्यंत आलेले बिल भरत राहिले पाहिजे. अर्जालाही काही पैसा पडत नाही. तरीसुद्धा परताव्याचा हिस्सा घेऊन हे काम करून देणारे दलाल निघालेच. जेथे लोकांना आपला हक्क ठाऊक नसतो तेथे त्याची वाट दाखवण्याचा धंदा भरभराटतो, हा अनुभव काही इंग्लंडापुरता नाही.

परतावा

श्रेणी चुकीची ठरली म्हणजे ती आजपासून नव्हे, तर पहिल्यापासून दुरुस्त होते. रहिवासी त्या घरात ज्या दिवसापासून कर भरू लागला त्या दिवसापर्यंत, आणि फार तर 1 एप्रिल 1993 पर्यंत मागे जाऊन, जास्त घेतलेली रक्कम नगरपालिका परत करते. समजा, एखाद्या गावी डी श्रेणीला 1,800 पौंड कर आहे. मग ई श्रेणीला त्याचे अकरा नवमांश, म्हणजे 2,200 पौंड. फरक वर्षाला 400 पौंड. दहा वर्षे हाच दर धरला तर 4,000 पौंड. मध्यम स्थितीच्या कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हे. उलट, चुकून खालच्या श्रेणीत राहिलेले घर वर चढवले, तर वाढलेला कर यादीत दुरुस्ती झाल्या दिवसापासूनच लागतो, मागची वसुली होत नाही. सरकारच्या चुकीचा मागचा बोजा रहिवाशावर टाकावयाचा नाही, हे तत्त्व येथे पाळलेले दिसते, आणि ते उचितच आहे.

येथपर्यंत ही व्यवस्था पाहिली म्हणजे तिचे कौतुक वाटते. यादी खुली आहे, अर्ज फुकट आहे, न्यायाधिकरण स्वतंत्र आहे, परतावा पहिल्या दिवसापासूनचा आहे. मग उणे काय?

उणे हे की, ही सारी यंत्रणा कोणीतरी विचारल्यावरच हलते. इंग्लंडात हा कर मुख्यतः राहणारा भरतो, मालक नव्हे. म्हणजे भाडेकरूही भरतो. भाडेकरू दोन-तीन वर्षांनी घर बदलतो. तो गेल्यावर कोणा नव्या रहिवाशाने दाद मागितली आणि श्रेणी उतरली, तर जुन्या भाडेकरूच्या वर्षांचाही परतावा निघतो. पण त्याचा पत्ता कोणाजवळ असतो? त्याला कळवणार कोण? तो पैसा नगरपालिकेच्या दप्तरात त्याच्या नावे पडून राहतो. एकटी राहणारी वृद्ध स्त्री, भाषा न येणारा परदेशी मजूर, अक्षराचा अर्थ न कळलेला माणूस, हे सारे निमूटपणे भरत राहतात. आणि ज्याला निर्देशांक कळतो, पत्र लिहिता येते, तो आपला परतावा घेऊन येतो. हक्क सर्वांना सारखा आहे, परंतु त्याचा लाभ माहितगाराला आधी होतो.

दुसरे असे की, 1743 च्या कायद्यात शेजाऱ्याच्या आकारणीविरुद्ध तक्रार करण्यामागे सार्वजनिक हिताची कल्पना होती. गावाची यादी खरी असावी, हा तिचा हेतू. आजच्या व्यवस्थेत मनुष्य केवळ आपल्या घरापुरता लढतो, आणि शेजाऱ्याचे अक्षर चढेल या भीतीने किंवा भिडेने पुष्कळदा गप्प बसतो. शेजारधर्म आणि न्याय यांत अशी ओढाताण एका गृहस्थाच्या माथी मारणे आम्हांस योग्य वाटत नाही. एकाच गल्लीत सारख्या घरांना निराळी अक्षरे का, हे कचेरीने आपली यादी आपण होऊन चाळली तर तिलाच दिसेल. ठराविक वर्षांनी फेरमूल्यमापन करणे हा त्यावरचा खरा उपाय. तो अप्रिय म्हणून टाळावयाचा, आणि एकट्यादुकट्याने केलेल्या अर्जांवर न्यायाचा भार टाकावयाचा, हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य नव्हे.

आपल्या दारी

ही परक्याची कथा झाली असे कोणी समजू नये. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात करपात्र मूल्याची जी व्याख्या आली, ती 1836 च्या इंग्रजी सूत्राचीच संतती. घराला वर्षाच्या कराराने रास्तपणे येऊ शकणारे भाडे, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा. सूत्राबरोबर मागचा हक्कही आला. आकारणीचे पुस्तक पाहावयास खुले, आकारणीविरुद्ध तक्रार करण्याची सोय, आणि पुढे लघुवाद न्यायालयात अपील.

आणि गोठलेल्या मापाचा रोगही आपणांस अपरिचित नाही. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला प्रमाण मानले. कायद्याने ज्या घराचे भाडे वाढू शकत नाही त्याचे करपात्र मूल्य तरी कसे वाढावे? पुढे 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका खटल्यात, प्रमाणित भाड्याच्या वर करपात्र मूल्य जाऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे जुन्या चाळीला पट्टी नाममात्र आणि शेजारच्या नव्या इमारतीला भरमसाट, अशी स्थिती मुंबईने कित्येक दशके पाहिली. 2010 पासून तेथे भांडवली मूल्यावर कर आला. त्याच्या नियमांविरुद्ध मालमत्ताधारक न्यायालयात गेले. 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने 20, 21 आणि 22 या क्रमांकांचे नियम रद्द केले, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. म्हणजे दाद मागण्याचा मार्ग आपल्याकडेही मोकळा आहे, आणि तो वापरला गेला तेव्हा नियमसुद्धा बदलावे लागले.

चूलपट्टीपासून कौन्सिल टॅक्सपर्यंत मापे पुष्कळ बदलली. चूल, खिडकी, भाडे, डोके, किंमत, यांतले एकही माप निर्दोष निघाले नाही. तीन शतके उपयोगी पडली ती 1743 ची साधी तरतूद: यादी उघडी ठेवा आणि विचारणाऱ्याला उत्तर द्या. पण विचारणारा हा बहुधा शिकलेला, सवड असलेला असतो. म्हणून ज्याला यादी वाचता येते त्याने आपले काम झाल्यावर, ज्याला ती वाचता येत नाही त्या शेजाऱ्याचेही अक्षर पाहावे, त्याचीही बाजू मांडून द्यावी. पुढच्या वेळी बिल हाती आल्यावर शेजाऱ्याच्या दारी जाऊन "तुम्हांला किती आली?" असे अवश्य विचारा, आणि त्याला जास्त आली असेल तर तेथेच बसून त्याचा अर्ज लिहून द्या.